जुन्या फोटोतला हरवलेला दरवाजा ओळखायचा कसा? मुंबईच्या कोटाचे तीन दरवाजे घेऊन सविस्तर पद्धत

‘चर्चगेट स्टेशनजवळचा मूळ चर्चगेट’ असा मजकूर असलेला एखादा तपकिरी फोटो दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरायला लागतो. मजकुरातली पहिली चूक फोटो न बघताही सांगता येते. चर्चगेट नावाचा दरवाजा आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी होता. स्टेशन तिथून साधारण पाऊण किलोमीटर पश्चिमेला, आणि तेही १८७० चं. तोवर दरवाजा पाडून झाला होता. दुसरी चूक मात्र फोटो नीट बघितल्यावरच कळते: बऱ्याचदा तो दरवाजा चर्चगेट नसतोच.

हा घोळ होतो कारण बहुतेक लोक कमान बघतात, दुसऱ्या एखाद्या कमानीशी ती ताडून बघतात आणि ‘जुळतंय’ म्हणून मोकळे होतात. पाडलेल्या दरवाजाची ओळख कमानीवरून पटत नाही. त्याच्या मागे, बाजूला आणि आरपार काय दिसतं त्यावरून ती पटते. खाली मुंबईच्या कोटाचे तीन दरवाजे उदाहरणाला घेतले आहेत: पश्चिमेचा चर्चगेट, दक्षिणेचा अपोलो गेट आणि उत्तरेचा बाजारगेट. पायऱ्यांचा क्रम मात्र कुठल्याही शहराला चालेल.

## तयारी: फोटोकडे बघण्याआधी

चार गोष्टी हाताशी ठेवा.

पहिली, फोटोची मिळेल ती सर्वांत मोठी आणि जुनी प्रत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत दाबली गेलेली असते, कडा कापलेल्या असतात, आणि नेमक्या त्या कडांवरच छायाचित्रकाराचं नाव किंवा क्रमांक असतो.

दुसरी, दरवाजा उभा असतानाचा एक नकाशा आणि पाडल्यानंतरचा एक. मुंबईसाठी पाडल्यानंतरचा चांगला आधार म्हणजे लॉटनचा सर्व्हे, म्हणजे शहराची तपशीलवार मोजणी, १८७२ च्या सुमारास पुरी झालेली. त्यात तट नाही, पण तटाच्या जागी आलेले रस्ते आणि आतल्या जुन्या इमारती तपशिलात आहेत. एशियाटिक सोसायटी आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, या दोन ठिकाणी चौकशीला सुरुवात करा.

तिसरी, रस्त्यांच्या जुन्या-नव्या नावांची यादी. मुंबईपुरती एवढी पुरे: चर्चगेट स्ट्रीट म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडचा पूर्वेकडचा भाग, बाजारगेट स्ट्रीट म्हणजे पेरिन नरिमन स्ट्रीट, अपोलो स्ट्रीट म्हणजे मुंबई समाचार मार्ग, हॉर्नबी रोड म्हणजे दादाभाई नौरोजी रोड, एस्प्लनेड रोड म्हणजे महात्मा गांधी रोड, रॅम्पार्ट रो म्हणजे कैखुश्रू दुबाश मार्ग.

चौथी, एक साधी वही. प्रत्येक निरीक्षणासमोर ‘दिसतं’ किंवा ‘वाटतं’ यांपैकी एक शब्द लिहायचा. हे बाळबोध वाटेल, पण शेवटच्या पायरीवर याच दोन शब्दांवर सगळं तरतं.

सावधान: फोटो ‘स्पष्ट’ करणारी एआय अ‍ॅप्स या कामात वापरू नका. ती नसलेले दगड, नसलेली अक्षरं आणि नसलेली माणसं भरतात. रंगवलेल्या प्रतीचाही उपयोग नाही. फार तर उजेड-काळोख कमीजास्त करा, त्यापुढे जाऊ नका.

## १. मजकूर बाजूला ठेवा, फोटोची मूळ जागा शोधा

फोटोखालचा मजकूर ही साक्ष आहे, पुरावा नाही. तो कुणी, केव्हा लिहिला हे कळेपर्यंत झाकून ठेवा. गूगल लेन्स आणि टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या दोन्ही साइटवर फोटो टाकून बघा. मिळालेल्या प्रतींमधली सर्वांत मोठी कुठली, सर्वांत आधी चढवलेली कुठली, आणि एखाद्या संग्रहालयाच्या नोंदीपर्यंत धागा जातो का, हे तपासा. ब्रिटिश लायब्ररीसारख्या ठिकाणच्या नोंदीत क्रमांक, अल्बमचं नाव आणि पानही असतं. त्याच अल्बममधली आधीची आणि नंतरची पानं जरूर बघा. छायाचित्रकार कॅमेरा, तंबू, रसायनं घेऊन हिंडायचा, त्यामुळे शेजारच्या पानावरचा फोटो बऱ्याचदा त्याच परिसरातला असतो.

नोंदीत नुसतं ‘बॉम्बे’ असेल तर थांबा. तो शब्द शहरासाठी असेल किंवा इलाख्यासाठी. मुंबई इलाख्यात पुणे, सुरत, अहमदाबाद, धारवाड आणि सिंधसुद्धा येत होता. अहमदाबादचा तीन दरवाजा मुंबईच्या नावावर खपवायला एवढा एक शब्द पुरतो. तसाच दुसरा सापळा ‘फोर्ट जॉर्ज’चा. मुंबईच्या कोटाला लागून ईशान्येला फोर्ट जॉर्ज होता, त्याचा थोडा अवशेष सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात आजही आहे. मद्रासचा किल्ला फोर्ट सेंट जॉर्ज. नोंद करणारा कारकून एक ‘सेंट’ विसरला की किल्ला हजारभर किलोमीटर सरकतो.

## २. कागद आणि तंत्र बघा

मूळ प्रत किंवा चांगलं स्कॅन मिळालं तरच ही पायरी. नसेल तर पुढे जा.

मुंबईतला तट आणि दरवाजे १८६० च्या दशकाच्या पूर्वार्धात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना पाडायला घेतले. म्हणजे खरा फोटो १८५० चं दशक आणि त्यानंतरची मोजकी वर्षं, एवढ्याच काळातला असू शकतो. त्या काळच्या प्रती दोन प्रकारच्या. सॉल्ट प्रिंट (मिठाच्या द्रावणात भिजवलेल्या कागदावरची) मंद दिसते, चित्र कागदाच्या तंतूत मुरल्यासारखं. अल्ब्युमेन प्रिंट (अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेली) पातळ कागदावर, थोडी तकाकी असलेली, उजळ भाग पिवळट पडलेले आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली.

भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटो नाही, छापील पानावरून घेतलेली नक्कल आहे. चित्र-पोस्टकार्ड असेल तर तेही मूळ नव्हे. पोस्टकार्डांची लाट १८९० च्या दशकानंतरची, तेव्हा तिन्ही दरवाजे जाऊन पिढी उलटली होती. मात्र नक्कल म्हणून लगेच फेकू नका. जुन्या निगेटिव्हवरून पुढे कितीतरी वर्षांनी प्रती काढल्या जात. प्रत काढल्याची तारीख आणि फोटो घेतल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तपासा: रस्त्यावर चालणारी माणसं धारदार, थिजल्यासारखी दिसतात का? आकाशात ढगांचे आकार स्पष्ट आहेत का? त्या काळी निगेटिव्ह काचेवर घेत, त्या काचेला काही सेकंद उजेड लागायचा आणि निळा रंग जास्तच पांढरा उमटायचा. त्यामुळे चालणारा माणूस धुरकट होतो, आकाश कोरं राहतं. दोन्ही उलट असेल तर फोटो बहुधा नंतरचा, म्हणजे दरवाजाही बहुधा दुसरा.

## ३. आधी काळ बांधा, मग जागा

बहुतेकजण हा क्रम उलटा करतात. आधी जागा ठरवतात आणि मग काळ तिच्या मापाने कापून घेतात.

फोटोत कुठल्या गोष्टी ‘असू शकत नाहीत’ याची यादी करा. मुंबईसाठी उपयोगाच्या खुणा अशा: रस्त्यावर गॅसचे दिवे १८६५ पासून, घोड्यांची ट्राम १८७४ पासून, राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा, बोरीबंदरची भव्य इमारत १८८८ ची, विजेची ट्राम १९०७ ची. यांतलं काहीही दरवाजासोबत दिसलं तर तो कोटाच्या तिघांपैकी नाही. तारायंत्राचा खांब मात्र चालेल, तो १८५० च्या दशकातच आला होता.

खालची मर्यादा इमारतींवरून काढा. टाउन हॉल १८३३ चा, सेंट थॉमस चर्चचा उंच घड्याळी मनोरा १८३८ चा. फोटोग्राफी मुळातच त्यानंतर मुंबईत रुजली, त्यामुळे या दोन्ही इमारती प्रत्येक खऱ्या फोटोच्या वेळी उभ्या होत्याच. चौकटीत त्यांची जागा येत असूनही त्या दिसत नसतील तर शंका घ्या.

## ४. फोटो उलटा तर नाही?

ही पायरी दोन मिनिटांची आहे आणि तरी सर्वांत जास्त वगळली जाते. काचेची निगेटिव्ह उलट्या बाजूने ठेवून प्रत काढली की डावं-उजवं बदलतं. डगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर थेट उमटवलेला फोटो, तर बहुतेक वेळा आरशातल्यासारखाच उलटा असतो.

पाटीवरची अक्षरं, शिपायाची तलवार, घड्याळाचे आकडे यांवरून तपासा. तलवार साधारण डाव्या कमरेला असते. यांपैकी काहीच नसेल तर वहीत ‘दिशा अनिश्चित’ असं लिहा आणि इथून पुढची प्रत्येक तुलना सरळ व उलट अशा दोन्ही प्रतींवर करा. कंटाळवाणं आहे, पण इथे सूट नाही.

## ५. दरवाजाची कुठली बाजू?

एका दरवाजाला दोन तोंडं असतात आणि ती एकमेकांसारखी असतीलच असं नाही. बाहेरचं आणि आतलं तोंड दोन वेगळे दरवाजे म्हणून खपवणं ही जाणकारांकडूनही होणारी चूक.

बाहेरची बाजू असेल तर पुढे खंदक, त्यावरचा पूल, शेजारी पुढे आलेला बुरूज आणि समोर मोकळं मैदान असेल. मुंबईत कोटाबाहेर तोफेच्या माऱ्यासाठी मैदान मुद्दाम रिकामं ठेवलं होतं, त्यालाच एस्प्लनेड म्हणत. आतली बाजू असेल तर फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, चढणारा उतार किंवा पायऱ्या, पहारेकऱ्यांच्या देवड्या, लगेच सुरू होणारा रस्ता आणि घरं.

इथेच एक चाळणी लावून घ्या. आपल्या डोळ्यांना सवय सह्याद्रीतल्या गडांची आणि दख्खनी शहरांची. फोटोत शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी), गणेशपट्टी, कमळं किंवा गोमुखी रचना (बुरुजांच्या आड वळणात लपवलेला दरवाजा) दिसली की आनंद होतो, पण मुंबईचा कोट युरोपीय धाटणीचा, अठराव्या शतकात कंपनीने बांधलेला. अशी शिल्पं दिसली तर मुंबई सोडा आणि दुसरीकडे शोधा. दरवाजावर पोर्तुगीज शिपायांच्या आकृती दिसल्या तर तो बॉम्बे कॅसलचा, म्हणजे आतल्या लहान किल्ल्याचा दरवाजा. तो आजही नौदलाच्या हद्दीत उभा आहे, हरवलेला नाहीच.

## ६. कमान सोडा, मागचं बघा

खरा वेळ इथे द्या. फोटो मोठा करून कमानीवर कागदाचा तुकडा ठेवा, म्हणजे डोळा तिकडे ओढला जाणार नाही. आता तटाच्या वरच्या रेषेवरून डावीकडून उजवीकडे हळूहळू सरका. तिच्यावर डोकावणारी प्रत्येक गोष्ट वहीत उतरवा: मनोरा, कौलारू छप्पर, झाडाचा शेंडा, डोलकाठी, निशाणाचा खांब.

तीन दरवाजांमागे तीन वेगळी दृश्यं आहेत.

चर्चगेट. बाहेरून पूर्वेकडे बघितलं तर दरवाजातून निघणारा रस्ता सेंट थॉमस चर्चकडे जातो. दरवाजाचं नावच त्या चर्चवरून. हे चर्च १७१८ च्या नाताळात उघडलं आणि आजही जागच्या जागी आहे, त्यामुळे ताडून बघायला इतकी पक्की खूण दुसरी नाही. हुतात्मा चौकात, म्हणजे फ्लोरा फाउंटनपाशी, उभं राहून हॉर्निमन सर्कलकडे तोंड करा आणि मनोरा रस्त्याच्या कुठल्या अंगाला येतो ते लिहून घ्या. नंतरच्या इमारती आड येत असतील तर नकाशावर बघा.

अपोलो गेट. दक्षिणेचा. याच्या आतल्या अंगाला जवळच सेंट अँड्र्यूज चर्च, १८१९ चं, निमुळत्या शिखराचं. मनोऱ्याचा माथा सपाट आणि चौकोनी की वर टोकदार सुळका, एवढ्या एका फरकावर चर्चगेट आणि अपोलो गेट यांची निम्मी भांडणं मिटतात. इथे समुद्रही जवळ. आज दरवाजाच्या परिसरात गोदीचं लायन गेट आहे. तो वेगळा दरवाजा, कोटाचा नव्हे, पण ‘अपोलो गेट’ म्हणून त्याचे फोटो सर्रास फिरतात.

बाजारगेट. उत्तरेचा, बोरीबंदरच्या बाजूचा. मागे चर्च नाही, तर दाटीने उभी अनेकमजली घरं, लाकडी सज्जे, कौलं, एकमेकांना टेकलेल्या भिंती. कोटाचा उत्तर भाग पारशी, बनिया आणि इतर व्यापाऱ्यांच्या वस्तीचा होता. बाहेरच्या तोंडासमोर गाडी-बैलांची गर्दी जास्त असणार, पण गर्दी हा पुरावा धरू नका. मेळ्याच्या दिवशी ती कुठेही असते.

सावधान: दिसलेला मनोरा ‘चर्चचाच’ आहे असं मनात ठरवून पुढे जाऊ नका. आधी त्याचा आकार रेखाटा: किती मजले, खिडक्या कशा, घड्याळ आहे का, माथ्यावर काय. मग त्या इमारतीच्या दुसऱ्या, ओळख पटलेल्या जुन्या फोटोशी ताडा. आजच्या इमारतीशी थेट तुलना करताना मधल्या दुरुस्त्या लक्षात घ्या. सेंट थॉमसच्या पूर्वेकडच्या भागात १८६० च्या दशकात मोठं काम झालं.

## ७. सावली वाचा

मागे काहीच दिसत नसेल, किंवा दोन दरवाजे बरोबरीत अडकले असतील, तर सूर्याला साक्षीला बोलवा.

मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर. वर्षातला बहुतेक काळ सूर्य दुपारी दक्षिणेकडे असतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मात्र तो डोक्यावरून उत्तरेला सरकतो. यातून निघणारे नियम साधे आहेत. पश्चिमेकडे तोंड असलेल्या चर्चगेटच्या बाहेरच्या भिंतीवर ऊन दुपारनंतरच पडणार, सकाळी ती सावलीत. दक्षिणेकडचा अपोलो गेट हिवाळ्यात बहुतेक दिवसभर उन्हात. उत्तरेकडचा बाजारगेट बाहेरून हिवाळ्यात दिवसभर सावलीत, आणि दुपारचं सरळ ऊन त्याच्यावर फक्त उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात.

म्हणजे समजा, तुम्ही बाजारगेट मानलेल्या फोटोत बाहेरची अख्खी भिंत उन्हात न्हालेली आहे आणि कमानीच्या आतली सावली तोकडी, खोल आहे. तर एक तर फोटो मे-जूनच्या आसपासचा, किंवा तो बाजारगेट नाही. आता ऋतूची खूण शोधा. पावसाळ्याच्या तोंडावर घरांवर माडाच्या पानांची झापं चढलेली असतात, पावसात तटावर गवत माजतं, हिवाळ्यात माणसांच्या अंगावर शाल-घोंगडी दिसते. ऋतू आणि ऊन जुळले नाहीत तर ओळख चुकली.

सावलीची दिशा आणि लांबी मोजायची असेल तर सनकॅल्कसारख्या साइटवर फ्लोरा फाउंटनचं ठिकाण टाकून तारीख बदलत बघा.

तपासा: कोटाच्या भिंती होकायंत्राच्या रेषेत नेमक्या बसत नव्हत्या, थोड्या तिरक्या होत्या. त्यामुळे सावलीवरून एखादा दरवाजा बाद करता येतो, पण ‘हाच तो’ असं ठरवता येत नाही.

## ८. नकाशावर दोरा ताणा

आता जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवा. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. दोन्हीत सापडणारे निदान चार-पाच बिंदू घ्या: सेंट थॉमस, सेंट अँड्र्यूज, टाउन हॉल, फोर्ट जॉर्जचा अवशेष. सगळे बिंदू एका रांगेत किंवा एकाच कोपऱ्यात घेतले तर नकाशा दुसऱ्या टोकाला ताणला जातो आणि दरवाजा भलत्याच गल्लीत पडतो.

दरवाजाची जागा मिळाली की फोटोतल्या मागच्या खुणेपासून दरवाजाच्या मध्यातून एक सरळ रेषा ओढा. छायाचित्रकार त्या रेषेवर किंवा तिच्या जवळपास उभा असायला हवा. मग विचारा: तिथे उभं राहायला जागा होती का? खंदकात, समुद्रात किंवा कुणाच्या घरात कॅमेरा पडत असेल तर गणित फसलं. रेषा नीट मैदानात पडली तर ओळख बळकट.

इथे एक नियम पाठ करून ठेवा. कॅमेरा डावीकडे सरकला की मागची वस्तू पुढच्या दरवाजाच्या तुलनेत डावीकडे सरकते, उजवीकडे सरकला की उजवीकडे. एकाच दरवाजाच्या दोन फोटोंत मनोरा कमानीच्या दोन बाजूंना दिसला म्हणून एक फोटो खोटा ठरत नाही. आणि चौथ्या पायरीत ‘दिशा अनिश्चित’ लिहिलं असेल तर उलट्या प्रतीवरही हीच रेषा ओढून बघा. दोन्ही प्रती सारख्याच पटत असतील तर निकाल देऊ नका.

## ९. स्वतःच्या विरुद्ध बाजूने वाद घाला

एव्हाना तुमचं मन एका नावावर बसलेलं असतं, म्हणून ही पायरी अवघड जाते. तुमचं उत्तर चर्चगेट असेल तर अपोलो गेटची बाजू घ्या आणि तीन मुद्दे काढा. मग वसई, दमण, दीव यांच्या पोर्तुगीज दरवाजांचे ओळख पटलेले फोटो शेजारी ठेवा. शक्य असेल तर फोटो मजकुराशिवाय दुसऱ्या जाणकाराला पाठवा. ‘हा चर्चगेट आहे ना?’ असं विचाराल तर उत्तर ‘हो’च येईल. ‘यात काय दिसतं?’ एवढंच विचारा.

एखाद्या दरवाजाच्या विरोधात एकच, पण पक्की खूण असेल तर ती बाजूच्या पाच ढोबळ साम्यांना भारी पडते. मुंबईच्या फोटोत गॅसचा दिवा स्पष्ट दिसत असताना ‘कमान मात्र अगदी तशीच’ म्हणणाऱ्याशी वाद घालत बसू नका.

## १०. निकाल कसा लिहायचा

फक्त तीन शब्द वापरा: ‘खात्रीने’, ‘बहुधा’ आणि ‘ठरवता येत नाही’.

‘खात्रीने’ लिहायचं तर एकमेकांवर न टेकलेल्या दोन खुणा हव्यात, आणि दोन्ही वहीत ‘दिसतं’ या रकान्यातल्या. उदाहरणार्थ, ओळख पटलेला मनोरा आणि मैदानात नीट पडणारी रेषा. जुनी नोंद आणि त्या नोंदीवरूनच लिहिलेलं पुस्तक या दोन खुणा नव्हेत, ती एकच खूण दोनदा मोजलेली आहे. एकच खूण असेल तर ‘बहुधा’. बाकी सगळ्याला ‘ठरवता येत नाही’, आणि त्यात कमीपणा काही नाही.

फोटोखालचा मजकूर असा असावा: ‘मुंबईचा कोट, बहुधा चर्चगेट, बाहेरची बाजू, पूर्वेकडे बघताना. १८६५ पूर्वीचा. आधार: डावीकडे घड्याळाचा चौकोनी मनोरा. प्रत सरळ की उलट ते निश्चित नाही.’ लांबलचक वाटेल, पण पुढच्या माणसाला तुमचं म्हणणं खोडायचं असेल तर कुठे बोट ठेवायचं ते त्याला कळतं.

संग्रहालयाच्या नोंदीतच चूक सापडली तर त्यांना कळवा. पत्रात फोटोचा नोंदणी क्रमांक, खुणा केलेली प्रत, रेषा ओढलेला नकाशा आणि ओळख पटलेला तुलनेचा फोटो जोडा. नुसतं ‘तुमचं चुकलं आहे’ असं कळवलेली पत्रं मागे पडतात. जोडपत्रं असलेल्या पत्राला उशिरा का होईना, पण बहुतेकदा उत्तर येतं.